मेगापिक्सेलच्या आधी लेन्स बघा

घरासाठी सीसीटीव्ही कॅमेरा कसा निवडावा यावरचा लेख आवडला, पण 'जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्या' एवढ्यावरच तो थांबतो, म्हणून थोडी भर घालतो. घरगुती कॅमेऱ्यांत बरेचदा २.८ मिमीची लेन्स असते. तिच्यात अख्खं अंगण मावतं, पण लांबच्या फाटकाशी उभ्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. अशा ठिकाणी ४ किंवा ६ मिमीची, म्हणजे कमी जागा पण जवळून दाखवणारी, मागून घ्या. कॅमेरा छताला लागून फार उंचही नको, नुसती टोपी दिसते.

दुसरं विजेचं. इन्व्हर्टरवर कॅमेरा जोडतात आणि इंटरनेटचा राउटर विसरतात. लाइट गेली की मोबाइलवरचं चित्र बंद! म्हणून रेकॉर्डिंग साठवायला कॅमेऱ्यात मेमरी कार्ड हवंच. २ एमबीपीएसने (म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट) सतत रेकॉर्डिंग केलं तर दिवसाला साधारण २१ जीबी लागतात, म्हणजे १२८ जीबीचं कार्ड पाच-सहा दिवसांत भरून जुनं पुसलं जातं. आठवडाभर गावी जाणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ साली 'मिराई' नावाच्या व्हायरसने असेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते.

आणि गावी राहणाऱ्या आईवडिलांच्या घरात आतून कॅमेरा लावणार असाल, तर कृपया त्यांना विचारूनच लावा. काळजीपोटी लावतो हे खरं, पण वावरायचं त्यांना असतं. दारावर आणि अंगणात लावून भागत असेल तर आत नकोच.