‘पाडस’मधलं कुंपण आणि ओरावरचा राग

‘पाडस’वरच्या लेखाला तुम्ही दिलेल्या प्रतिक्रियेत तीन आक्षेप आहेत. मार्जोरी रॉलिंग्जच्या या कादंबरीत ज्योडी हा मुलगा फ्लॅग नावाचं हरणाचं पाडस पाळतो, आणि ते पिकं खाऊ लागल्यावर शेवटी त्याला मारावं लागतं. तुमचं म्हणणं असं: प्राण्यांवर जीव टाकणाऱ्या मुलांच्या हातात ‘पाडस’ देणं क्रूरपणाचं आहे. ज्योडीची आई ओरा सरळसरळ दुष्ट आहे. आणि धड कुंपण घातलं असतं तर हरीण वाचलं असतं, पण लेखिकेला वाचकांना रडवायचंच होतं. शेवट तुम्ही फोडलाच आहे, तेव्हा आता लपवालपवी नको.

सुरुवात कुंपणापासून. ते कादंबरीत आहेच! फ्लॅग मक्याचे कोवळे कोंब खातो तेव्हा ज्योडीचा बाप पेनी अंथरुणाला खिळलेला असतो. ज्योडी मका पुन्हा पेरतो, राबराब राबून कुंपण उंच करतो आणि फ्लॅग ते लीलया ओलांडतो. ही अतिशयोक्ती नाही. फ्लोरिडातलं पांढऱ्या शेपटीचं हरीण सात फुटांवरूनही जाऊ शकतं, म्हणून तिकडे आज शेताला साधारण 8 फुटी जाळी सुचवतात. अमेरिकन यादवीनंतरच्या त्या रानात असली जाळी कुठून येणार? लाकडं फोडून एकावर एक रचायची, तीही बारा-तेरा वर्षांच्या पोराने.

मका पुन्हा फुटला नसता का, असंही तुम्ही विचारलंय. मक्याचा वाढीचा डोळा पाच-सहा पानं येईपर्यंत जमिनीखालीच असतो, त्यामुळे एकदा शेंडा खुडला गेला तरी रोप सावरू शकतं. पण जंगलातलं हरीण माणसाची चाहूल लागताच पळतं. हे घरातलं आहे, ते रोज येणार. रानात सोडूनही भागत नाही, कारण बोटाने दूध पाजून वाढवलेल्या हरणाची माणसाबद्दलची भीती मेलेली असते. त्यात फ्लॅग नर. असा माणसाळलेला नर दीड-दोन वर्षांचा होऊन माजावर आला की पाळणाऱ्यावरच शिंगं रोखतो. पाळीव हरणांचं हे ठरलेलं दुखणं आहे.

आता ओरा. जमलं तर पुस्तक तिच्या बाजूने एकदा वाचून बघा. ज्योडीआधी तिने किती मुलं पुरली आहेत ते मोजा. घराजवळ विहीर नाही, धुणं आणि पाणी दूरच्या खोल खड्ड्यावर. रोख पैसा देणारं पीक हाती आलं की विहीर खणू, हे पेनीचं आश्वासन. त्याच पिकाची, तंबाखूची, रोपं फ्लॅग तुडवतो. शेवटी तीच गोळी घालते हे खरं, पण तिला नेम धरता येत नाही. हरीण जखमी होतं आणि उरलेलं काम ज्योडीवर येतं. दुष्ट बाई रंगवायची असती तर मार्जोरी रॉलिंग्जने तिला नेमबाज केलं असतं.

रडवण्यासाठी मारलेला प्राणी ओळखायची माझी एक साधी कसोटी आहे. मरणाचं कारण पुस्तकात किती आधीपासून पेरलंय ते पाहायचं. इथे सुरुवातीलाच अस्वल डुकरीण मारतं. पुढे आठवडाभराचा पाऊस पीक कुजवतो, मग रोगाने रानातली जनावरं पटापट मरतात, आणि उपाशी लांडगे गोठ्यापर्यंत येतात. फ्लॅग मक्याला तोंड लावतो तोवर घरात किती दाणे उरलेत हे वाचकाला पेनीइतकंच ठाऊक असतं. तुलनेसाठी ‘ओल्ड येलर’ (1956) ही मुलगा आणि कुत्र्याची कादंबरी घ्या. तिथे कुत्र्याला रेबीज होतो आणि गोष्ट 1860च्या दशकातली, पाश्चरची लस 1885ची. मारण्यावाचून इलाज नाही, त्यामुळे कोणालाच दोष जात नाही. ‘पाडस’ अवघड आहे ते फ्लॅग धडधाकट आहे म्हणून. तो फक्त मोठा झालाय आणि त्याला भूक लागते.

म्हणूनच संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका. कात्री बहुतेक वेळा पाऊस, डुकरीण, पेरणी यांवरच चालते. हरीण आणि बंदूक तेवढी शिल्लक राहतात आणि मग तुमचा क्रूरपणाचा आक्षेप शंभर टक्के खरा ठरतो. राम पटवर्धनांचा अनुवादच द्या. मोठ्याने वाचणार असाल तर तंबाखूच्या प्रसंगाशी थांबून मुलाला विचारा, तू काय केलं असतंस? बहुतेक मुलं कुंपणच सुचवतील. मग पुढे वाचा.

दोन गोष्टी मात्र मुलांना आवर्जून सांगा. पेनीला साप चावतो तेव्हा तो हरिणी मारून तिचं काळीज जखमेवर लावतो. त्याने विष उतरत नाही. सर्पदंशाला दवाखाना आणि प्रतिविष, दुसरं काही नाही. आणि गवतात एकटं बसलेलं पाडस पोरकं असतंच असं नाही. आई त्याला लपवून चरायला जाते आणि पाजायला परत येते. ‘वाचवलं’ म्हणून घरी आणलेली पाडसं अशीच खऱ्या अर्थाने पोरकी होतात. शिवाय 1972च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडे चितळ पाळणं गुन्हा आहे.

तुमची भाची आठ वर्षांची आहे असं लिहिलंय. तिला हे पुस्तक आत्ता नकोच, लेखातही बारा हेच वय दिलं होतं. तिला ‘शार्लट्स वेब’ ही डुक्कर आणि कोळिणीच्या मैत्रीची गोष्ट द्या. डुकराचा जीव वाचतो. कोळीण मरते, तेवढी तयारी ठेवा.