टायमिंग चेनच्या लेखावरच्या त्या प्रतिक्रियेला उत्तर

‘एक बाइकप्रेमी’ भाऊ,

टायमिंग चेन, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवते ती साखळी. मॉडिफाय केलेल्या बाइकला ती कोणती टाकावी, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो, नाहीतर काटछाट केली म्हणाल: “मॉडिफाय केलेल्या इंजिनात कंपनीच्याच मापाची टायमिंग चेन टाका सांगणं म्हणजे पोरांच्या जिवाशी खेळणं आहे. पॉवर वाढली की चेन हेवीच लागते. टेन्शनरवर चार ओळी अन् ब्रँडची जाहिरात भरपूर. किमतींचा पत्ता नाही.”

किमतींचं मान्य. द्यायला पाहिजे होत्या.

पण “पोरांच्या जिवाशी खेळणं”? समोर बसून चहा पिताना असं बोलला असता काय? नाव लपवलं की माणसाला भलताच जोर येतो बाप्पा. माझे वडील हिंगण्याच्या एमआयडीसीत लेथवर सिलिंडर बोअर करायचे. शाळा सुटली की मी तिथेच, हात काळे करत. आज वर्धा रोडच्या गॅरेजमध्ये जी पोरं गाड्या घेऊन येतात, त्यांच्या आया मला फोन करून विचारतात, दादा, गाडी बरोबर आहे ना? जिवाचं मला तुम्ही शिकवू नका.

आता ते “हेवीच लागते” पाहू. बोअर किट टाकलं, म्हणजे मोठा सिलिंडर-पिस्टन बसवला, की पिस्टनवरचा जोर वाढला. तो क्रँकमधून (पिस्टन फिरवतो त्या दांड्यातून) क्लचकडे अन् गिअरबॉक्सकडे जातो. टायमिंग चेनला फक्त कॅम फिरवायचा असतो, तोही क्रँकच्या निम्म्या वेगाने. तिच्यावर भार येतो तो व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा, कॅमच्या लिफ्टचा (तो व्हॉल्व्ह किती उचलतो त्याचा) अन् आरपीएमचा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेऱ्या घेतं त्याचा. कॅम, स्प्रिंग अन् रेव्ह लिमिट (आरपीएमची वरची मर्यादा) मूळचीच ठेवून नुसता बोअर वाढवला, तर त्या वाढलेल्या पॉवरचा चेनवर येणारा भार जवळपास काहीच नाही.

आरपीएम वाढवलं तर मात्र गोष्ट वेगळी. फिरती चेन बाहेर फेकली जाते अन् तो ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. 9000 ची लिमिट 10500 केली की 36 टक्के जास्त. आणि हाच ताण चेनच्या वजनावरही अवलंबून असतो. म्हणजे तुमची जाडजूड चेन आधी स्वतःचंच ओझं ओढणार, मग कॅमचं. हे गणित कोणत्याही पॉलिटेक्निकच्या पोराला विचारा.

आपल्याकडच्या बऱ्याच बाइकांत 25H चेन असते. पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, 6.35 मिलिमीटर, रोलर नाहीच, नुसते बुश आणि पिना. ती सैल पडते ती या पिना-बुश झिजून, अन् काळं पडलेलं ऑइल तसंच चालवलं की झीज जोरात. नागपूरच्या मे महिन्यात, 45 डिग्रीत, सिग्नलवर उभ्या गाडीत ऑइल काय सोसतं ते वेगळं सांगायला नको. त्यामुळे पैसे पिनाच्या कडकपणाला द्यायचे, चेनच्या बाजूच्या पट्टीच्या जाडीला नाही. म्हणून लेखात रोलॉन, डायमंड, डीआयडी ही चेनच्या ब्रँडची नावं घेतली. जाहिरातच करायची असती तर एकाचंच नाव घेतलं असतं ना, तिघांचं काहून घेईन?

कॅम आणि स्प्रिंग दोन्ही बदलले असतील तर चेन, ती ज्यावर घासत जाते ते दोन्ही पॅड अन् कॅमची गरारी (दातेरी चाक) एकदमच नवी टाका. जुन्या झिजलेल्या गरारीवर नवी चेन म्हणजे पैसे पाण्यात. एका पोराने ‘रेसिंग’ छापलेली, बनवणाऱ्याचं नावच नसलेली चेन आणून बसवून घेतली होती. नंतर हेड उघडलं तर पॅड कुरतडलेले अन् त्याचे तुकडे ऑइलच्या जाळीत. 34 दातांच्या कॅम गरारीवर चेनने एक दात सोडला की क्रँकच्या हिशेबाने व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचं टायमिंग 21 अंश चुकतं, मग व्हॉल्व्ह पिस्टनला भेटायला किती वेळ लागतो?

टेन्शनरवर, म्हणजे चेन ताणून धरणाऱ्या भागावर, चार ओळी पुरतात. वाचायच्या असतात फक्त.

आणि एवढं सुनावलंत, पण स्वतःच्या गाडीबद्दल अक्षर नाही. कॅम बदलला की नुसता बोअर, स्प्रिंग कोणते, रेव्ह लिमिट किती, एवढं लिहा. आणि या वेळी नाव टाकून लिहा.