नॉटिंगहॅममध्ये मी बदक झालो त्याची गोष्ट

इंग्लंडात नॉटिंगहॅमला येऊन दोनच दिवस झाले होते, पाव आणायला बेकरीत गेलो तर काउंटरवरच्या काकू म्हणाल्या, "एअप मी डक!" मी मागं वळून बघितलं, मागं कोणी नाही. आता मी कोल्हापूरचा, क्रिकेट बघत वाढलेला, माझ्या डोक्यात डक म्हणजे शून्यावर आउट (शून्य बदकाच्या अंड्यासारखं दिसतं म्हणे), त्यात ट्रेंट ब्रिजचं मैदान इथंच, १८९९ पासून टेस्ट होतात तिथं, म्हटलं ह्या गावात गिऱ्हाईकाला दारातच स्कोअर सांगतात की काय.

बन मागितला तर काकू म्हणाल्या, "कॉब?" मी म्हटलं नको नको, कणीस नको, पाव द्या. त्या परत "कॉब, डक?" मी परत पाव. मागं रांग वाढत चाललेली. शेवटी बोट दाखवलं तर गोल पावालाच इथं कॉब म्हणतात, हे कुठल्या पुस्तकात शिकवलं नव्हतं राव.

मग बसचा ड्रायव्हर, चांगला दाढीवाला गडी, तोही मला डक म्हणाला. तेव्हा मात्र ऑफिसात विचारलंच. कलीग हसून हसून बेजार. म्हणे 'एअप' म्हणजे 'काय मग', आणि इथं, डर्बीत, लेस्टरला, तिकडं स्टोकला सगळे प्रेमानं एकमेकांना डक म्हणतात, बाई असो बाप्या असो. न्यूकॅसलला 'पेट', ग्लासगोत बायकांना 'हेन' म्हणजे चक्क कोंबडी, आणि ब्रिस्टलला अनोळखी माणूससुद्धा 'माय लव्हर' म्हणतो. बायकोला घेऊन ब्रिस्टल बघायचा बेत मी तिथंच रद्द केला, तिला समजावत बसण्यापेक्षा ते परवडलं. तसं आपण तरी काय, घरात 'पिल्लू', विदर्भात 'राजेहो', आमच्याकडं रस्त्यात धडकला तरी 'भावा'.

पुढच्या आठवड्यात बेकरीत कॉब संपलेले, पावसात भिजून आलेलो, तोंड पाडून उभा होतो. काकू म्हणाल्या, "डोन्ट बी मार्डी, डक."

मी ऐकलं 'मर्दा'. आईशप्पथ, अंगावर काटा आला, सातासमुद्रापार कोणीतरी मर्दा म्हणतंय! डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. ऑफिसात छाती फुगवून सांगितलं तर कलीग म्हणाला, मार्डी म्हणजे तोंड फुगवून बसलेला.

मला मर्दाच ऐकू आलं होतं, आणि मी तेच धरून चाललोय.