दिसण्यावर जाऊ नका म्हणे!

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. वेळ असेल तर वाचा.

भाचीला बेस गिटार घ्यायचाय. अकरावीत आहे. वर्गातल्या तिघींनी मिळून पंक बँड काढलाय आणि बेस हिच्या वाट्याला आलाय. आज तिला घेऊन दुकानात गेले. भिंतीवर एक शॉर्ट स्केल, म्हणजे आखूड तारांचा बेस टांगला होता, फिकट हिरवा, पांढऱ्या पिकगार्डचा. पोरगी त्याच्यासमोर जाऊन उभीच राहिली. विक्रेत्याने तो खाली काढूनसुद्धा दिला नाही. "तो शोचा आहे. दिसण्यावर जाऊ नका. हा घ्या, पाच तारांचा, ॲक्टिव्ह, यावर सगळं वाजतं." वर माझ्याकडे वळून, "मुलींना तसाही बेस जडच जातो हो मॅडम."

आम्ही बाहेर पडलो. भाची रिक्षात एक शब्द बोलली नाही.

सगळं वाजतं! अहो, तिला सगळं वाजवायचंच नाहीये. तिला दोन-दोन मिनिटांची गाणी वाजवायची आहेत, वेगात, पिकने (तार छेडायच्या तुकड्याने), नुसत्या डाउनस्ट्रोकवर, म्हणजे वरून खाली मारत, आणि समोरच्या पन्नास जणांना उड्या मारायला लावायचंय. त्याला पाचवी तार कशाला? ॲक्टिव्ह म्हणजे आतलं बॅटरीवर चालणारं प्रीॲम्प, तेही कशाला? ऐन कार्यक्रमात बॅटरी मेली की बसा.

आणि पंकमध्ये दिसण्यावर जायचं नाही तर कशावर जायचं? द क्लॅश या पंक बँडचा पॉल सिमोनन १९७६ मध्ये बँडमध्ये आला तेव्हा त्याला बेस वाजवता येत नव्हता. चित्रकलेचा विद्यार्थी होता तो. बँडच्या मिक जोन्सने शिकवलं, आणि कुठला स्वर कुठे ते कळावं म्हणून सिमोननने नेकवर, म्हणजे बेसच्या दांड्यावर, स्वरांची नावं रंगवून ठेवली. तीनच वर्षांनी, सप्टेंबर १९७९ मध्ये, न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये त्याने आपला पांढरा फेंडर प्रिसिजन बेस स्टेजवर आपटून फोडला. का, तर प्रेक्षकांना खुर्च्यांवरून उठू देत नव्हते. फोटोग्राफर पेनी स्मिथने तो क्षण टिपला. फोटो हलला होता, फोकस गेला होता, तिला तो वापरायलाच नको होता. तोच "लंडन कॉलिंग" अल्बमच्या कव्हरवर गेला. फुटलेला बेस पुढे लंडनच्या म्युझियममध्ये लोकांना बघायला ठेवला. आता सांगा, या माणसाने कोणाला आधी विचारलं असेल का की यावर सगळं वाजतं का?

माझा पिवळा बेस तुमच्यापैकी जुन्यांनी बघितलाय. बाकीच्यांसाठी सांगते. कल्याणला एक काका ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे. गणपती, नवरात्र, लग्नं, जत्रा. त्यांनी वाजवणं कमी केलं तेव्हा त्यांच्याकडून मी तो घेतला. प्रिसिजनची कॉपी, चॉकलेटी, कंपनीचं नाव कधीच घासून गेलेलं. आवाज एक नंबर. पण तो गळ्यात घालून आरशात बघितलं की वाटायचं, हा माझा नाही, काकांचाच आहे. मग डोंबिवलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज होतं, तिथे रिक्षा रंगवायचे, त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी सगळं उघडलं, पॉलिश पेपर मारला आणि रिक्षाच्या हुडाचा पिवळा स्प्रे केला. "ताई, नुसता पिवळा बोडका दिसतोय," असं म्हणून शेजारच्या रेडियमवाल्याकडून लाल रेडियमच्या दोन पट्ट्या कापून आणल्या आणि तिरक्या चिकटवल्या.

त्या दिवसापासून मी रोज वाजवायला लागले. एवढंच सांगायचंय मला. रोज.

नवशिक्याचा बेस कोपऱ्यात पडून राहतो तो लाकूड हलकं होतं म्हणून नाही. तो बघून हात शिवशिवत नाहीत म्हणून.

आता आवाजाचं बोलू, कारण "दिसायला छान म्हणजे आवाज फालतू" असं परत कोणीतरी ऐकवणारच. लिओ फेंडरने प्रिसिजन आणला १९५१ मध्ये. १९५७ पासून त्यात दोन तुकड्यांचा पिकअप (तारांचा कंप पकडणारं चुंबक) आहे. एक पिकअप, एक व्हॉल्यूम, एक टोन, चार तारा. गिटारची ती करवत चालू असताना तिच्या खालून सरळ जाणारा जाडजूड आवाज याच साध्या रचनेतून येतो. रामोन्स या पंक बँडचा डी डी रामोन "वन टू थ्री फोर" ओरडायचा आणि सुटायचा, हातात हाच. कुठलीही बरी कॉपी हे काम करते. राउंडवाउंड तारा, जाड पिक, टोन पूर्ण उघडा, हात जरा ब्रिजकडे. झालं.

म्हणजे स्वस्तातही आवाज मिळतोच. मग उरतं काय? दिसणंच ना!

आणि वेगळं दिसणारं काय कमी आहे? फेंडरचा मस्टँग घ्या, १९६६ चं डिझाइन, तीस इंची स्केल, पुढे गाड्यांसारखे रेसिंगचे पट्टे आले त्यावर. फेंडरच्याच स्वस्त ब्रँडमध्ये, स्क्वायरमध्ये, तो आवाक्यात येतो. स्क्वायरचा ब्राँको त्याहून स्वस्त, एकच पिकअप, खेळण्यासारखा हलका, दणकट. आयबानेझचा टॅलमन पुदिन्याच्या रंगात येतो, बघितला की जुन्या इराण्याच्या हॉटेलातलं फर्निचर आठवतं मला. डॅनइलेक्ट्रोचा लाँगहॉर्न सापडला तर सोडूच नका. लाकडी चौकट आणि वर हार्डबोर्ड, चक्क हार्डबोर्ड, आणि पिकअप लिपस्टिकच्या नळीत बसवलेले. महाग लाकडाच्या गप्पा मारणाऱ्यांनी तो एकदा ऐकावा. एपिफोनचा थंडरबर्ड तर आहेच. मूळ गिब्सनचा १९६३ चा, काढला रे डीट्रिकने, जो मोटारींची डिझाइनं करायचा, आणि ते दिसतंच. हो, त्याचा नेक खाली झुकतो, मान्य. रुंद चामड्याचा पट्टा लावा.

हे लिहिता लिहिता ते "मुलींना जड जातो" परत आठवलं आणि परत संताप आला. शॉर्ट स्केल म्हणजे मुलींसाठीचा, हे कोणी ठरवलं? मिनिटमेन बँडचा माईक वॉट आता शॉर्ट स्केल वाजवतो, त्याला सांगाल का हे? आणि टॉकिंग हेड्स बँडच्या टीना वेमथने मस्टँगवर जे वाजवलंय ते निम्म्या पाचतारी वीरांना साधणार नाही. १९७७ मध्ये द ॲडव्हर्ट्स या पंक बँडची गे ॲडव्हर्ट बेस वाजवत होती आणि ब्रिटिश पेपरवाले तिच्या वाजवण्यापेक्षा तिच्या चेहऱ्यावर शाई खर्च करत होते. म्हणजे बाई स्टेजवर आली की तिचं दिसणं सगळ्यांच्या मालकीचं, पण तिने स्वतः वाद्य दिसण्यावरून निवडलं की ती बावळट. वा रे न्याय!

सेक्स पिस्टल्सच्या सिड व्हिशसचं उदाहरण देणार तुम्ही, माहितीये. पांढरा प्रिसिजन, नुसता देखावा, अल्बमवरचा बहुतेक बेस त्यांच्याच गिटारवाल्या स्टीव्ह जोन्सने वाजवला. ठीक आहे, खरं आहे ते. पण तो सरावाचा प्रश्न झाला, रंगाचा नाही.

पिवळ्या बेसचं एक राहिलं. रंगवल्यावर बरेच दिवस मी काकांकडे गेलेच नव्हते. वाटायचं, आयुष्यभर पोट भरलं ज्याच्यावर त्याचं हे काय करून ठेवलं म्हणतील. शेवटी गेले. त्यांनी तो हातात घेतला, रेडियमवरून अंगठा फिरवला, गळ्यात अडकवला आणि बसल्या जागी एका कोळीगीताची लाइन वाजवली, ॲम्पशिवाय. मग म्हणाले, "बाळा, ऑर्केस्ट्रात बेसवाला मागे उभा असतो, अंधारात. हा घेऊन तू पुढे उभी राहा." काकू चहा घेऊन आल्या तरी ते वाजवतच होते.

असा बेस विकायला काढला तर कोणी निम्मी किंमतही देणार नाही, हेही खरं. मला विकायचा नाहीये.

तर, जुना घेणाऱ्यांनी रंगाच्या प्रेमात जरूर पडा, पण पैसे मोजण्याआधी एवढं बघा. नेक एका डोळ्याने लांबून पाहा, पिळलेला असेल तर सोडा, नुसता वाकलेला असेल तर आतल्या सळईने, ट्रस रॉडने, सरळ होतो. प्रत्येक फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या पट्टीवर) प्रत्येक तार वाजवा. बाराव्या फ्रेटचा स्वर आणि तिथेच तारेला नुसतं टेकून वाजणारा हार्मोनिक जुळतोय का ऐका. खुंट्या फिरवून बघा, स्वस्त बेस सगळ्यात आधी तिथेच दगा देतो. जॅकची खरखर, व्हॉल्यूमची खरखर यांना घाबरू नका, गल्लीतला कुठलाही रेडिओ-टीव्हीवाला सोल्डर मारून देतो. आणि उरलेल्या पैशांत नव्या तारा आणि एक सेटअप.

भाचीचं बजेट वीस हजार आहे, त्यात छोटा प्रॅक्टिस ॲम्पही बसवायचाय. कोणाकडे शॉर्ट स्केल, मस्टँग, ब्राँको, टॅलमन, काहीही विचित्र आकाराचं धूळ खात पडलं असेल तर मेसेज करा. ओरखडे चालतील, रंग उडालेला चालेल. शनिवार-रविवार ठाणे, कल्याण, नवी मुंबई कुठेही येऊ. निवडणार तीच आहे, मी फक्त नेक तपासणार.