डीपीएफचा दिवा रेस मारून विझत नाही

डिझेल गाड्या वापरणाऱ्यांमध्ये एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) किंवा इंजिनाचा पिवळा दिवा लागला तर गाडी न्यूट्रलला उभी करून दहा मिनिटं रेस मारा, बॅटरीची वायर काढून कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने केलेली बिघाडाची नोंद) उडवा, डीईएफऐवजी (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात त्या द्रवाऐवजी) साधा युरिया पाण्यात विरघळवून ओता, आणि तरीही दिवा गेला नाही तर ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद करून डीपीएफच काढून टाका. यातला एकही सल्ला धड नाही. युरियाचा तर थेट गाडीच्या मुळावर येणारा आहे.

‘रेस मारली की काजळी जळते.’

काजळी जळायला डीपीएफच्या आत साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. उभ्या गाडीत इंजिनावर भार नसतो, त्यामुळे कितीही रेस केली तरी एक्झॉस्ट तेवढा तापत नाही. उलट काजळीत भरच पडते. हे तापमान ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आणतो. नेहमीच्या इंजेक्शननंतर तो थोडं जादा डिझेल सोडतो, ते डीपीएफच्या आधीच्या कॅटॅलिस्टमध्ये (धूर साफ करणाऱ्या भागात) जळतं आणि फिल्टर तापतो. यालाच रीजनरेशन म्हणतात. इंजिन पुरेसं गरम नसेल, टाकीत डिझेल कमी असेल किंवा दुसरा एखादा संबंधित कोड बसलेला असेल, तर ईसीयू ते सुरूच करत नाही.

दिवा स्थिर आहे आणि गाडीची ताकद शाबूत आहे, तर मोकळ्या रस्त्यावर एक गिअर खाली ठेवून २००० आरपीएमच्या वर पंधरा-वीस मिनिटं सलग चालवा. आयडलिंग किंचित वाढलेलं, पंखा जोरात, त्या क्षणाचं मायलेज पडलेलं, स्टार्ट-स्टॉप बंद, अशी लक्षणं दिसली की रीजनरेशन चालू आहे असं समजा आणि तेवढा वेळ इंजिन बंद करू नका. ते वारंवार अर्धवट तुटलं की जादा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिक बघत जा. ऑईल वरच्या खुणेच्याही वर गेलंय, बोटावर पातळ लागतंय आणि डिझेलचा वास येतोय, तर आधी ऑईल बदला. पातळी फारच चढली तर ते ऑईल ब्रीदरवाटे (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) इंजिनात ओढलं जातं आणि चावी काढली तरी इंजिन त्यावर पळत राहू शकतं.

दिवा लुकलुकतोय किंवा गाडी लिंप मोडमध्ये (ईसीयूने ताकद मुद्दाम कमी केलेल्या अवस्थेत) गेली आहे, तर पळवून काही होणार नाही. साठलेली काजळी एकदम पेटली तर फिल्टर तडकतो, म्हणून ईसीयूनेच रीजनरेशन रोखलेलं असतं. इथून पुढचं काम स्कॅनरचं, म्हणजे कोड वाचणाऱ्या यंत्राचं.

‘कोड उडवला की काम झालं.’

कोड उडवल्याने फिल्टरमधली काजळी एक ग्रॅमनेही कमी होत नाही. जाते ती फक्त माहिती. कोड बसताना वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं, हे ईसीयूने टिपून ठेवलेलं असतं आणि तेच पुसलं जातं. आधी सगळं वाचून लिहून ठेवा. मग चावी ऑन करा, इंजिन बंदच राहू द्या आणि स्कॅनरवर डीपीएफच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक बघा. तो शून्याच्या आसपास हवा. नसेल तर सेन्सर खोटं बोलतोय. शून्य दिसलं तर त्या सेन्सरकडे जाणारे दोन रबरी पाइप हाताने चाचपून बघा. उष्णतेने ते टोकाशी कडक होऊन चिरतात किंवा आतून काजळीने तुंबतात. फिल्टरच्या आधीचा पाइप चिरला की दाब कमी दिसतो आणि धडधाकट फिल्टरवर ‘फिल्टर नीट काम करत नाही’ असा पी २००२ कोड बसतो. अशा वेळी पाइप बदलायचा सोडून फिल्टर बदलला जातो, हे बघून खरंच वाईट वाटतं.

असाच दुर्लक्षित राहणारा भाग म्हणजे थर्मोस्टॅट. तो उघडा अडकला की एरवी ९० अंशांच्या आसपास राहणारं कूलंट हायवेवरही ६०-७० वर रेंगाळतं. मग रीजनरेशनच्या अटी पुऱ्या होत नाहीत आणि नवा फिल्टरही तसाच भरतो. इंजेक्टर टपकत असेल किंवा टर्बोचा होस फुटला असेल तरी फिल्टर असाच पुन्हा भरतो.

राख मात्र जळतच नाही. ती इंजिन ऑईलमधल्या अ‍ॅडिटिव्हमधून येते आणि फिल्टर काढून साफ केल्यावरच निघते. म्हणून गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं कमी राखेचं ऑईलच वापरा.

‘डीईएफ म्हणजे नुसता युरिया आणि पाणी.’

नुसता नाही. त्यात ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया असतो, बाकी खनिजं काढलेलं पाणी. त्याची शुद्धता आयएसओ २२२४१ मध्ये ठरवून दिली आहे. खताच्या युरियात बाययुरेट नावाची अशुद्धी जास्त असते, साध्या पाण्यात कॅल्शियम असतं. डीईएफ धुरात फवारणाऱ्या नोझलवर पांढरे खडे बसतात आणि त्यापुढचा कॅटॅलिस्ट कायमचा निकामी होऊ शकतो. डीईएफ संपत आलं आणि ‘इतक्या किलोमीटरनंतर इंजिन सुरू होणार नाही’ असा आकडा दिसला तर घाबरू नका. गाडी रस्त्यात बंद पडत नाही. शून्यावर आल्यानंतर एकदा बंद केली की पुन्हा सुरू होत नाही. डीईएफ अगदी थोडं ओतलं तर पातळी नोंदलीच जात नाही, म्हणून पुस्तकातल्या किमान मापाइतकं भरा. चुकून ते डिझेलच्या टाकीत गेलं तर चावीसुद्धा ऑन करू नका, पंप लगेच ओढायला लागतो. आधी टाकी रिकामी करून घ्या.

‘ईजीआर बंद, डीपीएफ बाहेर, मायलेज वर.’

तुंबलेल्या फिल्टरने मायलेज पडतं, एवढं खरं. त्यावर इलाज म्हणजे तो साफ करणं. ईजीआरवर पत्रा ठोकला की प्रवाह कमी असल्याचा पी ०४०१ येतो, ज्वलन जास्त तापतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात. व्हॉल्व्हला कार्बन धरला असेल तर तो काढून साफ करा. कूलंट कमी होतंय पण गळती दिसत नाही, तर ईजीआर कूलरची प्रेशर टेस्ट घ्या.

वापरलेली गाडी घेताना थंड सायलेन्सरच्या नळीत बोट फिरवून बघा. डीपीएफ शाबूत असेल तर बोट जवळजवळ स्वच्छ निघतं. काळीकुट्ट काजळी लागली तर फिल्टर तडकलेला आहे किंवा आतून पोकळ केलेला आहे.