‘सत्तरीनंतर हृदयाला हात लावू देऊ नका’ या मेसेजला माझं उत्तर

गेल्या काही महिन्यांत एक लांबलचक मेसेज भावकीच्या ग्रुपवर, ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर, अगदी भजनी मंडळाच्या ग्रुपवरही येऊन गेला. ‘सत्तरीनंतर हृदयाला हात लावू देऊ नका’ असा मथळा आणि खाली नाव नसलेल्या एका ‘निवृत्त हृदयतज्ज्ञां’चा हवाला. आत जे म्हटलंय ते थोडक्यात असं: अटॅक येतोय असं वाटलं तर जोरजोरात खोकत राहा, जीव वाचतो. सत्तरीनंतर अँजिओप्लास्टी म्हणजे निव्वळ धंदा. लसूण, आलं, लिंबू, सफरचंदाचं व्हिनेगर आणि मध यांचा काढा घेतला की ब्लॉकेज आपोआप मोकळे होतात. रक्त पातळ करणाऱ्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या महिन्याभरात बंद करा. आयसीयूत म्हातारी माणसं भ्रमिष्ट होतात, त्यांना लवकर घरी आणा. आणि घरी आणल्यावर पूर्ण विश्रांती द्या, जिना चढू देऊ नका.

माझी आत्या 76 वर्षांची, साताऱ्याकडच्या एका वाडीत राहते. तिला यंदा हार्ट अटॅक आला. ती घरी परतल्यावर हाच मेसेज चार बाजूंनी तिच्यापर्यंत पोचला, बघायला आलेल्या पाहुण्यांनी तर तो मोठ्यानं वाचूनही दाखवला. पाठवणाऱ्यांच्या मनात माया आहे, यात शंका नाही. पण यातला एकेक सल्ला तिच्यासारख्या माणसाच्या जिवावर बेतणारा आहे. म्हणून सगळे मुद्दे ओळीनं घेतो.

आधी खोकल्याचं. हा सल्ला नवा नाही, 1999 च्या सुमारास ईमेलवरून फिरायला लागला आणि पुढे प्रत्येक नव्या माध्यमात शिरला. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीनं बंद पडणं. हृदय तेव्हा धडधडत असतं, माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, आणि खोकून ती गुठळी हलत नाही. हृदयच थांबलं तर ती वेगळी गोष्ट. त्यात माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो, खोकणार कोण? कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या खोलीत, मॉनिटर लावलेला असताना हृदयाची लय अचानक बिघडली, तर डॉक्टर कधीकधी रुग्णाला ‘खोका’ म्हणतात आणि त्यानं काही क्षण निभावतात, तेवढ्यावरून हे सगळं रचलेलं आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशननं घरी असं करू नका, असं स्पष्ट सांगितलं आहे. शेजारचा माणूस बेशुद्ध पडला आणि श्वास घेत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोरात, मिनिटाला 100 ते 120 दाब द्यायचे. जीव त्यानं वाचू शकतो.

खोकत बसण्यात जातो तो वेळ, आणि अटॅकमध्ये वेळच सगळ्यात महाग. आत्याच्या छातीत कळ आलीच नव्हती. पाठीत दोन खांद्यांच्या मधे भरून आल्यासारखं होत होतं आणि मळमळत होतं. घरात सगळ्यांना पित्त वाटलं. वाडीतल्या आशाताई सहज डोकावल्या, आत्याची चोळी घामानं पाठीला चिकटलेली बघितली, कपाळाला हात लावला तर गार, आणि त्यांनी दारातूनच 108 ला फोन लावला. वयस्कर बायका आणि मधुमेह असलेली माणसं यांच्यात अटॅक असाच येऊ शकतो: दम लागणं, घाम, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, नुसता थकवा. डाव्या छातीतल्या कळेची वाट बघणारे घरीच बसतात. मेसेजमध्ये लिहायचंच होतं तर हे लिहायला हवं होतं. आणि हेही, की 108 ला फोन केल्यावर, ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर, फोनवरच्या डॉक्टरांना विचारून ॲस्पिरिनची साधारण 300 मिलिग्रॅमची गोळी चावून खायची. 1988 मध्ये आयसिस-2 नावाचा अभ्यास छापून आला. त्यात 17 हजारांवर रुग्ण होते आणि नुसत्या ॲस्पिरिननं पाच आठवड्यांतले मृत्यू सुमारे 23 टक्क्यांनी कमी झाले होते. अगदी स्वस्त गोळी. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट मात्र कुणाच्या खिशातून काढून परस्पर देऊ नये, बीपी आधीच उतरलं असेल तर ती माणसाला आणखी खाली नेते.

आता ‘धंदा’. या मुद्द्यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो इतका पटतो. चालताना छातीत भरून येणं, थांबलं की बरं वाटणं, असा स्थिर त्रास असेल, तर अँजिओप्लास्टी करून स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी जाळी, घातल्यानं आयुष्य वाढतं असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. 2007 चा करेज आणि 2020 चा इस्केमिया, दोन्हींनी हेच सांगितलं: चांगल्या गोळ्या नीट घेतल्या तर मृत्यूच्या बाबतीत फरक पडत नाही, स्टेंटनं छातीतला त्रास मात्र जास्त कमी होऊ शकतो. तेव्हा धडधाकट चालत आलेल्या आजोबांना कुणी ‘आत्ताच्या आत्ता घाला, नाहीतर काही खरं नाही’ म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा. तो तुमचा हक्क आहे. किमतींबद्दलचा रागही हवेतला नव्हता. औषध लावलेल्या स्टेंटला लाखाच्या वर मोजावे लागत होते, फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं त्याची कमाल किंमत 29,600 रुपयांवर आणली. पुढे ती वेळोवेळी बदलली, पण मर्यादा राहिली.

पण अटॅक ही स्थिर त्रासाची गोष्ट नव्हे. वाहिनी पूर्ण बंद आहे, स्नायू मिनिटामिनिटाला मरतो आहे, तिथे ती वाहिनी उघडणं हाच उपचार. मेसेज लिहिणाऱ्यानं दोन वेगळी दुखणी एका पोत्यात भरली आणि वर वयाची चिठ्ठी लावली.

वयाचा विचार डॉक्टर करत नाहीत असंही नाही. आत्याला तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात ईसीजी काढून गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेजचं इंजेक्शन दिलं, कारण मोठं रुग्णालय दोन तासांच्या आत गाठणं शक्य नव्हतं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याचा डोस निम्मा देतात, मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका या वयात जास्त असतो म्हणून. दुसऱ्या दिवशी मोठ्या रुग्णालयात अँजिओग्राफी झाली, स्टेंट बसला. ‘चिरफाड’ म्हणावी तर उजव्या मनगटावर सुईचं भोक आणि त्यावर हवा भरलेला पारदर्शक पट्टा, एवढंच. नॉर्वेत ऐंशीच्या पुढच्या 457 रुग्णांवर एक अभ्यास झाला होता, 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. वाहिनी पूर्ण बंद नसलेल्या, जरा वेगळ्या प्रकारच्या अटॅकचे हे रुग्ण. ज्यांची अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे पुढचा उपचार केला, त्यांच्यात पुन्हा अटॅक, तातडीची प्रक्रिया, पक्षाघात किंवा मृत्यू यातलं काही ना काही सुमारे 41 टक्क्यांना झालं. नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांत 61 टक्क्यांना. 2024 च्या ब्रिटिश अभ्यासात पंचाहत्तरीपुढच्यांमध्ये इतका स्पष्ट फायदा दिसला नाही, मृत्यू कमी झाले नाहीत, पण पुढचे अटॅक कमी झाले. म्हणजे या प्रकारात माणूस बघून ठरवावं लागतं: मूत्रपिंडं कशी आहेत, माणूस हिंडताफिरता आहे का, त्याची स्वतःची इच्छा काय. ‘सत्तरी झाली, संपलं’ असं कुठल्याच अभ्यासानं म्हटलेलं नाही.

पैशांचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. रुग्णालय योजनेतलं आहे का, हे दाखल होतानाच विचारा आणि रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत ठेवा. योजनेच्या तिथल्या मदतनिसाला, म्हणजे आरोग्यमित्राला गाठणं हे नातेवाइकांचं पहिलं काम.

काढ्याकडे येऊ. मेसेजचं म्हणणं असं, की ड्रेनेजच्या पाइपमध्ये गाळ साचतो तसं कोलेस्टेरॉल साचतं आणि काढ्यानं ते धुऊन निघतं. तसं ते नसतंच. ब्लॉकेज वाहिनीच्या पोकळीत नसतं, तिच्या भिंतीच्या आत असतं, गिलाव्याखाली धरलेल्या ओलीसारखं: चरबी, पेशी, तंतू, जुनं झालं की चुना, आणि वर अस्तर. काढा जातो पोटात, तिथे पचतो, भिंतीच्या आत शिरून खरवडत नाही. अस्तर एखाद्या ठिकाणी फाटलं की तिथे गुठळी बसते आणि अटॅक येतो. स्वयंपाकातलं आलं-लसूण जरूर खावं. पण रोज पेलाभर अर्क, आणि सोबत ॲस्पिरिन नि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, म्हणजे हिरड्यांतून, नाकातून, पोटातून रक्त जाण्याचा धोका वाढवणं. ‘काढा घेतला आणि बायपास रद्द झाली’ अशी गोष्ट मेसेजमध्ये असते, त्या माणसाची आधीची आणि नंतरची अँजिओग्राफी कधीच नसते.

गोळ्या बंद करण्याचा सल्ला या सगळ्यात मला सर्वांत जास्त भीतीचा वाटतो, कारण तो पाळणं सगळ्यात सोपं आहे. नवा स्टेंट ही धातूची जाळी असते. तिच्यावर शरीराचं स्वतःचं अस्तर चढेपर्यंत रक्त तिच्यावर गोठू बघतं. म्हणून अटॅकनंतर ॲस्पिरिनच्या जोडीला दुसरी गोळी, बहुधा वर्षभर. रक्तस्रावाचा धोका फार असेल तर डॉक्टर हा काळ कमी करतात, पण ते त्यांनी ठरवायचं. मधेच सोडली आणि स्टेंटमध्ये गुठळी झाली, तर त्यातून दगावणाऱ्यांचं प्रमाण मोठं आहे. दात काढायचाय, मोतीबिंदू करायचाय म्हणून दुसऱ्याच डॉक्टरांनी ‘थांबवा’ म्हटलं, तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करायचा.

कोलेस्टेरॉलची गोळी ‘केमिकल’ म्हणून मेसेजमध्ये बदनाम केलेली आहे. या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात. पहिलं स्टॅटिन अकिरा एन्डो या जपानी शास्त्रज्ञानं 1970 च्या दशकात शोधलं, तेही क्योतोतल्या तांदळावर सापडलेल्या बुरशीतून. शेतकऱ्याच्या घरातला माणूस, हजारो बुरश्या तपासत बसला होता. 1994 मध्ये स्कँडिनेव्हियात 4,444 हृदयरुग्णांवरचा अभ्यास आला आणि याच कुळातल्या एका गोळीनं मृत्यू 30 टक्क्यांनी कमी होतात हे दिसलं. स्नायू दुखले तर डॉक्टरांना सांगा, डोस बदलतात, गोळी बदलतात. आत्याच्या गोळ्या तिच्या सुनेनं बांगड्यांच्या डब्याच्या खणांत लावल्यात, सकाळच्या वरती, रात्रीच्या खालती. आत्याला वाचता येत नाही, पण रिकामा खण दिसतो.

आयसीयूतला भ्रम मात्र खरा आहे. मेसेजमधली ही ओळ वाचून लोक मान डोलावतात, कारण अनेकांनी तो पाहिलेला असतो. दुसऱ्या रात्री आत्या उठून बसली, हाताची सलाइन ओढायला लागली आणि मला म्हणाली, “अरे, म्हस सुटलीय, दावं धर की. बघत काय बसलायस?” मला ती तिच्या मेलेल्या भावाच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारत होती. फार वाईट वाटतं अशा वेळी. पण याचा अर्थ गोळ्यांनी डोकं बिघडलं असा नाही. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. आजारपण, झोपमोड, रात्रंदिवस जळणारे दिवे, अनोळखी माणसं, बद्धकोष्ठ, क्वचित एखादं औषध, या सगळ्यानं वयस्कर मेंदू गडबडतो. बहुतेकांचा तो काही दिवसांत ओसरतो, काहींना जास्त वेळ लागतो. त्यावर उपाय रुग्णाला पळवून आणणं हा नाही, तसं केलं तर लय बिघडण्याचा धोका असलेले पहिले दिवस मॉनिटरविना जातात. उपाय साधे आहेत. नर्सबाईंनी आत्याचा चष्मा आणि कवळी आणायला सांगितली. दिवसा खिडकीकडे तोंड करून बसवायचं, ओळखीच्या माणसानं हात धरून आज वार कोणता, आपण कुठे आहोत ते सांगायचं, वाद घालायचा नाही. मी दावं धरलं म्हणून सांगितलं. मग ती झोपली.

राहिली ‘पूर्ण विश्रांती’. ही समजूत एके काळी डॉक्टरांचीही होती, अटॅकनंतर महिना-दीड महिना पाठीवर पडून राहायचं, स्वतःच्या हातानं जेवायचंही नाही. त्यात पायांत गुठळ्या व्हायच्या, त्या फुप्फुसात जायच्या आणि माणसं त्यानं मरायची. 1950 च्या सुमारास बोस्टनचे सॅम्युएल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन यांनी रुग्णांना पहिल्या दिवसांतच खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना विरोध केला होता. 1955 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना चौसष्टाव्या वर्षी अटॅक आला. त्यांचे हृदयतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी त्यांना हळूहळू हिंडतंफिरतं केलं, पुढच्या वर्षी ते पुन्हा निवडून आले आणि 1969 पर्यंत जगले.

वयस्कर माणसाचे स्नायू अंथरुणात फार लवकर झिजतात. आठवडाभर पडून राहिलेली आजी पुढे संडासापर्यंत जाताना पडते, खुब्याचं हाड मोडतं, आणि घरचे म्हणतात हृदयानं खचली. देखरेखीखालच्या व्यायामाला कार्डियाक रिहॅबिलिटेशन म्हणतात. त्यानं हृदयविकारानं होणारे मृत्यू आणि पुन्हा दाखल व्हायची वेळ, दोन्ही कमी होतात हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय. पण आपल्याकडे ही सोय मोजक्या शहरांत आहे आणि डिस्चार्जच्या कागदावर एका ओळीत ‘हलका व्यायाम’ लिहून बोळवण होते. घरी न्यायच्या आधी फिजिओथेरपिस्टला गाठून विचारा: किती चालायचं, केव्हा वाढवायचं, जिना कधी. आत्या आधी ओसरीच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत चालली, मग अंगण, आता देवळापर्यंत जाऊन पारावर टेकते आणि परत येते. चालताना दोन वाक्यं सलग बोलता यायला हवीत, एवढंच माप तिला दिलंय. धुणं आणि पाण्याची कळशी अजून बंद आहे, त्यावरून तिची कुरकुर चालू असते.

आणि सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वजनकाट्यावर उभं राहायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, घोट्यावर बोट दाबून खळगा राहिला, किंवा रात्री दोन उशा लागायला लागल्या, तर अंगात पाणी साठतंय असं समजून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. पापड-लोणचं बंद आहे, म्हणजे बरणी सुनेच्या कपाटात आहे. छातीत, पाठीत पुन्हा तसंच भरून आलं तर फोन डॉक्टरांना नाही, थेट 108 ला.