पोरीले कल्याणले धाडाचं का अमरावतीले?

फाट्यावरच्या चहाटपरीसमोर सिमेंटचा ओटा आहे, तोच आमचा कट्टा. सोयाबीनचं डवरं आटोपलं की संध्याकाळी माणसं जमतात. परवा विषय निघाला मामाच्या पोरीचा. (हा मामा अख्ख्या गावाचाच मामा.) इंजिनिअरिंगच्या कॅपचा, म्हणजे सरकारी सामायिक प्रवेश प्रक्रियेचा, कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म भरायचा होता आणि पोरगी म्हणत होती, ठाणे-कल्याणकडची कॉलेजं आधी टाकते.

"अमरावतीत कॉलेज नाई का?" गुरुजींनी चर्चेला तोंड फोडलं. "डिग्री तेच, पुस्तकं तेच. शनिवारी एसटीत बसली का घरी."

"डिग्री तेच हाय गुरुजी, पन पुढचं?" कल्याणला राहून शिकणारा गावचा पोट्टा सुट्टीवर आला होता. "ऐरोली, महापे, अंबरनाथ, साऱ्या कंपन्या तिकडंच. इंटर्नशिप कॉलेज करता करता होते. इथल्या पोट्ट्याले त्याच्यासाठी बिऱ्हाड हालवा लागते."

हे खरंच आहे. पण ऑटोवाल्या दादाला लोकलची धास्ती. "9 जून 2025 ले मुंब्र्यापाशी लोकलमधून मानसं पडली, जीव गेले त्यायचे. आपली पोरगी तिथं लटकन का?"

पोट्ट्यानं ते उडवून लावलं नाही. "दारात उभं राहाचंच नाई. सॅक पाठीवर नाई, छातीवर घ्याची. डोंबिवलीले सकाळी चढूच देत नाई, म्हनून लोकं आधी उलटे कल्याणले येतात अन् तिथून सीट धरून जातात. माह्यं कॉलेज दादरकडं. जाता-येता तीन तास जातात. रूमवर आलो का पुस्तक उघडाची ताकद राहात नाई. पहिल्या सेमिस्टरले दोन विषय राह्यले ते याच्यानंच."

"मंग कल्याणले राह्यला कायले?" मामानं विचारलं.

"दादरले खाट परवडत नाई मामा."

इथं मला राहवलं नाही. कोणतं शहर आणि किती फी यावर आपण तासन् तास बोलतो. पोरगी राहील कुठं, हे शेवटी विचारतो. 2024-25 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) घरांतल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक शिक्षणाला प्रवेश मिळाला तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. फार चांगलं झालं. खोलीभाडं मात्र बापालाच भरायचं असतं. अनुसूचित जातीच्या ज्या पोरांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे. ठाण्याला त्यात वर्षाचे 60,000 मिळतात, त्यातले राहण्याचे 20,000. दहा महिन्यांत वाटले तर महिन्याला 2,000. एवढ्यात ठाण्यात धड खाट तरी मिळते का?

पापळच्या पंजाबराव देशमुखांनी हे किती आधी ओळखलं होतं! खेड्यातलं पोरगं शहरात टिकायचं तर आधी त्याच्या राहण्या-जेवणाचं पाहावं लागतं, म्हणून त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं आणि सगळ्या जातींची पोरं एका छताखाली आणली. आज विदर्भातून पोरं अंबा एक्स्प्रेसनं रात्रभर बसून कल्याणला उतरतात, मग तसं छात्रालय तिथंच का नको? मला याचा मनापासून राग येतो.

"म्हनजे जाऊच नये म्हनता?" गुरुजी.

"जावं गुरुजी. पण कॉलेजच्याच आवारात हॉस्टेल असावं, नाहीतर पायी जाता येईल एवढ्यावर चार पोरींची खोली. रोज लोकल धरावी लागत असेल तर कॉलेजचं नाव कितीही मोठं असो, नको. त्यापेक्षा अमरावती बरी."

"अन् हॉस्टेलात नंबर नाई लागला तं?"

यावर पोट्टाच बोलला. "आधीच कॉलेजात फोन करा. मुलींच्या हॉस्टेलात जागा किती, फर्स्ट इयरले देतात का नाई, मेस आतच हाय का. मी काईच विचारलं नोतं. नंबर लागला म्हनून पेढे वाटले अन् निघालो."

मामानं तिथूनच पोरीला फोन लावला. तिच्याकडं उत्तर तयार होतं. दोन कॉलेजांना फोन करून झाला होता. एकाचं हॉस्टेल आवारातच, ते तिनं पहिलं टाकलं. दुसऱ्याचं स्टेशनपलीकडं, म्हणून ते यादीतून काढलं. अमरावती दुसऱ्या नंबरवर.

"दुसऱ्या नंबरवर कायले?" गुरुजी उसळले, आणि टपरीवाल्यानं न विचारताच पुन्हा चहा ठेवला.